मंगळवार-शुक्रवारचं भांडण

नागपुरातल्या प्रतापनगरच्या चारुशीलाबाई आणि नरखेड तालुक्यातल्या सत्यवतीबाई एकमेकींच्या विहिणी. चारुशीलाबाईंची मुग्धा सत्यवतीबाईंच्या मोहितला दिलेली. ती दोघं नोकरीपायी हैदराबादला. लग्नाला चार वर्षं झाली, पण विहिणींचं कधी वाजलं नाही, कारण वाजण्याइतकं बोलणंच होत नसे. महिन्यातून एक फोन. "तब्येत?" "बरी." "संत्री मिळाली?" "मिळाली, गोड होती." संपलं.

त्यांना बोलतं केलं 'गजबज' नावाच्या ॲपनं. गजबजवर आपण काही लिहायचं, लोकांनी त्यावर प्रतिक्रिया दिली की दर प्रतिक्रियेला एक कवडी. कवड्या साठल्या की ॲपच्याच दुकानातून वस्तू घ्यायच्या. उघडल्याबरोबर वर लिहिलेलं दिसे, 'माणसं जोडा, कवड्या जोडा.' चारुशीलाबाईंच्या मनात सहा हजार कवड्यांचा एअर फ्रायर भरला होता. दोन महिने त्या रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'सुप्रभात' टाकत राहिल्या. मिळाल्या सतरा कवड्या. त्यातल्या नऊ त्यांचे यजमान गिरिधरराव यांच्या, त्याही जेवायला वाढण्याआधी आठवण दिली म्हणून.

नवीन माणूस जोडलं की वीस कवड्या मिळतात, असं कळल्यावर त्यांनी विहिणीला जोडून घेतलं. सत्यवतीबाईंनी दुकान चाळलं, त्यांना संत्र्याच्या बागेसाठी बॅटरीवरचा फवारणी पंप आवडला, आणि त्याही गजबजवर राहिल्या.

थंडी पडली, सांबार स्वस्त झाला. सांबार म्हणजे आमच्या नागपुरात कोथिंबीर. चारुशीलाबाईंनी सांबारवडी केली, फोटो टाकला, खाली कृती लिहिली, आणि शेवटी लिहिलं, 'सारणात चिमूटभर साखर विसरू नये.'

सत्यवतीबाईंनी खाली लिहिलं, 'वडीत साखर? मग चहात तिखट टाकता का जी?'

चारुशीलाबाईंचे कान तापले. त्यांनी उत्तर दिलं, 'आमच्या वडीला चव असते. तुमच्या वडीनंतर माणूस पाण्याचा माठ शोधतो.'

दुपारी फोन वाजला.

"विहीणबाई, राग नका मानू," सत्यवतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी त गंमत केली होती. पुसून टाकू काय?"

"अहो, पुसू नका! तीनशे बारा कवड्या झाल्यात."

"माझ्यावालीच्या खालीही दोनशे आल्या जी. लोक काहून इतके पेटून राहिले?"

मग चारुशीलाबाई हळूच म्हणाल्या, "मंगळवारी जमेल का तुम्हाला?"

असं ते ठरलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकराला भांडण. नियम तीन: माहेर काढायचं नाही, पोरांचं नाव घ्यायचं नाही, आणि प्रत्येक टोमणा आधी फोनवर वाचून दाखवायचा. वाचता वाचता दोघी एकमेकींचे टोमणे दुरुस्त करू लागल्या.

"तुमचं हे जरा फिकं वाटून राहिलं," सत्यवतीबाई म्हणत. "मले चांगलं लागेल असं लिहा."

मग चारुशीलाबाई गॅसवरच्या भरताची बाजू घेऊन विहिणीला लागेल असं लिहीत, आणि सत्यवतीबाई उत्तर देत, 'गॅसवर भाजलेलं वांगं दवाखान्यातल्या पेशंटला द्यावं. भरताले कपाशीच्या पऱ्हाटीचा जाळ लागतो.' हे वाक्य चारुशीलाबाईंनीच सुचवलेलं होतं. फोन आता तासतासभर चाले. सत्यवतीबाईंचा डावा गुडघा दुखतो, हे चारुशीलाबाईंना चार वर्षांत पहिल्यांदा कळलं.

गजबजवर दोन पक्ष पडले, साखरवाले आणि तिखटवाले. कोणी लिहिलं, साखरवाल्यांच्या घरी मी मुलगी देणार नाही. कोणी लिहिलं, मागितली कोणी. गिरिधरराव केस कापायला गेले तर न्हाव्यानं कात्री थांबवून विचारलं, "साहेब, तुम्ही साखरवाले ना?" इकडे सत्यवतीबाईंचे यजमान नत्थूजी एसटीत चढले, तर कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, "काकाजी, बाईले सांगा, हटाचं नाही." दोन्ही नवऱ्यांना खरं माहीत होतं आणि दोघांनाही तोंड बंद ठेवायची ताकीद होती.

फ्रायरला चारशे कवड्या कमी असताना भीमाबाई आल्या.

भीमाबाई रामटेकच्या. वडीच्या एका भांडणाखाली त्यांनी लिहिलं, 'माझ्या दारातल्या लिंबाच्या झाडाला चार वर्षं झाली, फळ धरत नाही. कोणी सांगेल का?'

खाली पहिली प्रतिक्रिया आली, 'आधी हे सांगा, तुम्ही साखरवाल्या की तिखटवाल्या?' भीमाबाईंनी लिहिलं, 'मला दोन्ही वड्या आवडतात.' त्यावर दोन्ही पक्षांनी मिळून त्यांना झोडपलं. लिंबाचं कोणीच बोललं नाही.

सत्यवतीबाईंना चैन पडेना. तीस वर्षं संत्र्याची बाग केलेली बाई. दोन ओळींत सांगता आलं असतं. त्यांनी फोन लावला.

"मी त्या बाईले उत्तर देतो."

"आत्ता नको," चारुशीलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी आपलं मोठं भांडण आहे. तुम्ही मधेच गोड बोललात तर मजा जाईल. शनिवारी द्या."

"आता झाडाचं पाणी तोडाचे दिवस आहेत जी, तेव्हाच फूल धरते. झाड शनिवारची वाट पाहत नसते."

"चार दिवसांनी काय बिघडतं?"

"तुम्हाले फ्रायरच दिसून राहिला!"

"आणि तुम्हाला पंप नको आहे वाटतं!"

दोघींनी फोन ठेवला. चार वर्षांतलं हे त्यांचं पहिलं खरं भांडण, आणि त्याची एकही कवडी मिळाली नाही.

सत्यवतीबाईंनी उत्तर लिहिलंच. 'बी लावून केलेलं झाड असेल त पाच-सहा वर्षंही लागतात, घाबरू नका. थंडीत पाणी बंद करा. पानं जराशी मलूल झाली की शेणखत घालून पाणी सोडा.' तिखटवाल्यांनी त्यांना लगेच फितूर ठरवलं. मोठं भांडण काही झालंच नाही, आणि शुक्रवारी चारुशीलाबाई एकट्याच फोन हातात धरून बसल्या. टोमणा लिहावा तर वाचून कोणाला दाखवावा? सवयीनं त्या खाली खाली सरकत गेल्या आणि भीमाबाईंचं लिहिलेलं दिसलं. 'सत्यवतीताई, पाणी तोडलं. गजबजवर आल्यापासून मला कोणी नीट उत्तर दिलं ते तुम्हीच.'

चारुशीलाबाईंना आपली, कोणी ढुंकूनही न पाहिलेली गुलाबाची फुलं आठवली. त्यांनी फोन लावला. "विहीणबाई, गुडघा कसा आहे?"

"दुखून राहिला," सत्यवतीबाई म्हणाल्या. "उद्या येतो मी नागपूरले. तोंडासमोर भांडू."

दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाई आणि नत्थूजी एसटीनं आले. विहिणींनी सोफ्यावर शेजारी बसून एकमेकींना आपापली वडी भरवली, गिरिधररावांनी फोटो काढला, आणि दोघींनी मिळून सगळं खरं लिहून टाकलं: आम्ही भांडत नाही, कवड्यांसाठी नाटक केलं, माफ करा.

कोणी विश्वास ठेवला नाही.

'घरच्यांनी दबाव टाकलेला दिसतो.' 'उजवीकडच्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आहे, नीट बघा.' ते सत्यवतीबाईंच्या वडीतल्या मिरचीचं होतं. 'तुमच्यासाठी मी सख्ख्या बहिणीशी बोलणं सोडलं आणि आता माघार?' तासाभरात हजारावर प्रतिक्रिया झाल्या. फ्रायर झाला, पंपही झाला.

"बघा, खरं बोलूनही मिळतात," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"खरं मानलं कोणी जी? खोटं वाटलं म्हणून मिळाल्या."

तेवढ्यात बेल वाजली. दारात रुपरावजी उभे. मोहित-मुग्धाचं लग्न यांनीच जुळवलेलं. सत्यवतीबाईंच्या गावात कोणाचंही फाटलं की शिवायला यांनाच बोलावत. खांद्यावर दुपट्टा, चेहरा गंभीर.

"मी समेट कराले आलो," ते म्हणाले.

त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. रुपरावजींचा चेहरा पडला.

"म्हणजे भांडणच नाही?"

"नाही जी."

"दोन एसट्या बदलून आलो मी. गावभर सांगून आलो. आता परत जाऊन काय सांगू?" त्यांनी दोघींकडे आशेनं पाहिलं. "थोडं भांडा न. मी लगेच मिटवतो."

मोठ्या माणसाचा शब्द मोडवेना. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. "तुमची साखर..." सत्यवतीबाईंनी सुरुवात केली आणि त्यांना हसू फुटलं. चारुशीलाबाई तर खालीच बसल्या. रुपरावजी हिरमुसून दुपट्ट्याच्या घड्या घालू लागले.

कोपऱ्यात नत्थूजींची चौथी वडी चालली होती. भरल्या तोंडानं ते सहज बोलून गेले, "खरं सांगू त ही साखरेचीच बरी लागते."

रुपरावजींच्या दुपट्ट्याची घडी अर्धवट राहिली.

"काय म्हटलं?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"बत्तीस वर्षं करून घालून राहिली मी! कधी एका शब्दानं नाही बोलले! आता दुसऱ्याच्या घरी येऊन सांगून राहिले?"

"अहो, माझं घर दुसऱ्याचं का म्हणता?" चारुशीलाबाई मधे पडल्या. "आणि नत्थूजी, तुमचंही चुकलंच. यांच्या वडीला नाव ठेवता तुम्ही?"

"तुमचीच त तारीफ केली जी!" नत्थूजी कळवळले.

रुपरावजींनी दुपट्टा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. "सगळे खाली बसा," ते म्हणाले. "एकेकानं बोला. आधी बाई."

दीड तास समेट चालला. नत्थूजींनी यापुढे घरी वडी खाऊन तोंडानं 'चांगली झाली' असं म्हणायचं ठरलं. गजबजचाही निकाल रुपरावजींनी जाता जाता लावून टाकला: मंगळवारी खुशाल भांडा, लोकांची करमणूक होते, शुक्रवारी मात्र भांडण बंद, त्या दिवशी लोक जे विचारतील त्याले नीट उत्तर द्याचं, कवडी मिळो न मिळो. दोघींनी मान डोलावली. गिरिधररावांनीही डोलावली, त्यांना कोणी विचारलं नव्हतं तरी.

पाचच्या गाडीला रुपरावजींना बसवून द्यायला नत्थूजी स्टँडवर गेले. खिडकीशी बसलेल्या रुपरावजींनी शेजारच्या प्रवाशाला आपणहून सांगायला सुरुवात केली होती.

"लई बिकट मामला होता बाप्पा. माझ्या जागी दुसरा कोणी असता त हात टेकले असते."