कणगीचा तळ

दसरा होऊन चार दिवस झाले अन् बजरंगलालनं वाटूरचं घर रिकामं करायला काढलं. जालन्यात त्यानं सरकी-ढेपेचं दुकान घातलं होतं. तिथंच घरही घेतलं होतं, अन् औंदाची दिवाळी नव्या घरात करायची असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"एका गाडीत मावंल तेवढंच न्यायचं," त्यानं बायकोला, बसंतीबाईला सांगितलं. "दोन ढीग कर. न्यायचं एकीकडं, टाकायचं एकीकडं. पण मी बघितल्याबिगर एक चिंधीसुद्धा बाहेर जाता कामा न्हाई."

बसंतीबाई त्याची दुसरी. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिली चंदनबाई मळ्यातल्या विहिरीत गेली होती. डोक्यावर परिणाम झाला होता, उडी टाकली, असं बजरंगलाल म्हणायचा, म्हणून गावही तसंच म्हणायचं. बसंतीबाईच्या बापाला चार पोरी. तिच्या माहेरी, धावड्याला स्थळ आलं तेव्हा त्यानं जास्त विचारपूस केली नाही.

बजरंगलाल सकाळच्या मोटारीनं जालन्याला जायचा अन् दिवेलागणीला परतायचा. आला की हातपाय धुवायच्या आधी ढिगांपुढं बसायचा. बसंतीबाईला पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. न्यायच्या ढिगाकडं तो ढुंकूनही बघत नव्हता. तांब्या-पितळेची भांडी, नव्या सतरंज्या, देवघरातलं सामान, कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो बघायचा टाकायचा ढीग. जुन्या उशा त्यानं एकेक करून उसवल्या अन् आतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला. चंदनबाईचा एक विटलेला घागरा होता, त्याची काठाची शिवण बोटांनी चाचपत चाचपत तो पूर्ण घेर फिरला. दुसऱ्या दिवशी मोडक्या पेटीचा तळच फोडून काढला.

चिकट माणूस आहे, असं आधी तिला वाटलं. पण चिकट माणूस वस्तू जपतो, हा तर वस्तू फाडून राह्यला होता. काय हुडकताय, असं विचारायला तिची जीभ उचलली नाही. तीन वर्षांत काय विचारायचं अन् काय नाही, एवढं तिला कळलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यानं ढीग लवकर आवरले. जेवताना मात्र गोड बोलला. "नव्या घराला आजूबाजूला कोणी न्हाई. निवांत आहे बिलकुल. अन् विहीर अंगणातच आहे. तुला पाण्याला बाहेर पडायची गरज न्हाई." मग ताटातून वर बघत म्हणाला, "अजून काय उघडायचं राह्यलं?"

"मागच्या खोलीतली कणगी," ती म्हणाली. "जुनी ज्वारी आहे. सोंडे पडलेत."

"उद्या रिकामी करा. पण मी येईस्तोवर काही उचलू नका."

चौथ्या दिवशी तो गेल्यावर घरकामाची साळूबाई आली. ती चंदनबाईच्या वेळेपासून या घरात होती. पन्नाशीची बाई, बोलायला मोकळी, पण पहिल्या बाईंचा विषय निघाला की हातातलं काम जोरानं करायला लागायची. दोघींनी कणगीचं झाकण काढलं. आतून उबट वास आला. साळूबाई टोपल्यांनी ज्वारी उपसत गेली, बसंतीबाई अंगणातल्या पालावर ओतत गेली. दोन घटकांनी साळूबाईचा हात एकाएकी थांबला.

"बाई, इकडं या जरा."

तळाशी गाठोडं होतं. घरातल्याच जाड खादीच्या पंच्यात घट्ट बांधलेलं. त्यांनी ते वर काढलं अन् दाराला आतून कडी घातली.

गाठोड्यात दोन ओढण्या होत्या. कोऱ्या वहाणांचा जोड होता, एकदाही न घातलेला. एक पितळी डबा होता. त्यात दशम्या असाव्यात, त्यांचा आता काळा भुगा झाला होता. एका थैलीत कपाळावरचा बोर, बाजूबंद, पायातली चांदीची कडी. अन् थैलीच्या तोंडाशी चार घड्या घातलेला कागद.

कागद बघितल्याबरोबर साळूबाई मटकन खाली बसली.

बसंतीबाई भावाच्या शेजारी बसून अक्षरं शिकली होती. तिनं एकेक शब्द लावत वाचलं. "चंदन, आखातीजेला उजाडायच्या आत गाडी घेऊन फाट्यावर थांबतो. बापूजींनी घातलेले दागिने तेवढे घे. बाकी सारं सोडून दे. दाजींना पत्ता लागू देऊ नको. जुगलकिशोर."

"परतूरचे भाऊ त्यायचे," साळूबाई कुजबुजली. "बाजाराला गेल्ते मी. त्यायनीच दिल्ती चिठ्ठी. मीच आणून दिली."

"अन् बाई कधी गेल्या?"

"आखातीजेच्या आदल्या सांजंला." साळूबाईनं पदर तोंडावर घेतला. "सकाळी भाऊ गाडी घेऊन आल्ते, बाई. फाट्यावरनं तसेच मसणवट्यात आले. मंग आठ दिसांनी नवी ज्वारी आल्ती. मीच ओतली या कणगीत. खाली काय हाय ते कुनी बघितलं?"

"तू कोणाला बोलली का न्हाई?"

"कुनाला बोलू? गावचे पंच रोज शेठच्या ओट्यावर बसायचे. अन् शेठनं मला दोनदा इचारलं, बाईनं तुझ्याजवळ काही दिलं का म्हणून. असं इचारलं, बाई, की माझ्या अंगाचं पाणी झालं."

बसंतीबाई डब्यातल्या भुग्याकडं बघत राहिली. त्या दिवशी सकाळी चंदनबाईनं चुलीपुढं बसून पीठ मळलं असेल, दुधात मळलं असेल, दशम्या वाटेत मऊ राहाव्यात म्हणून. उद्याच्या वाटेची शिदोरी जी बाई भाजून ठेवते, ती आज विहिरीत कशाला उडी टाकेल?

स्वतःचे माहेरचे दागिने तिनं गेल्या वर्षीच नवऱ्याच्या हातात दिले होते, त्यानं मागितले म्हणून. अंगावर आता मंगळसूत्रच तेवढं उरलं होतं.

"पुन्हा तळाशी ठेवू," साळूबाई म्हणाली. "आपण पाह्यलंच न्हाई. शेठला सापडू द्या. त्यायला पाहिजे ते मिळंल, मंग सारं गोड होईल."

तेही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्यांना सापडलं म्हणजे कागदही सापडणार, कागद काढून ठेवला तर थैली कोणी उघडली हे कळणार, अन् रोज उसवलेल्या शिवणीवरून फिरणारी ती बोटं मग आपल्याकडं वळणार. अन् नव्या घराच्या शेजारी कोणी राहत नाही.

तिनं गाठोडं जसं होतं तसं बांधलं. भुग्यासकट डबासुद्धा आत ठेवला.

"परतूरची मोटार किती वाजता?"

"येईलच आता, दुपारची. पन बाई..."

"तू येतीस का?"

साळूबाई उठली, तोंडावर पाणी मारलं अन् म्हणाली, "चला."

घरातलं दुसरं काहीच बसंतीबाईनं घेतलं नाही. न्यायचा ढीग ओसरीत तसाच पडला होता.

फाट्यावर दहा-बारा माणसं उभी होती. ऊन तापलं होतं. परतूरची मोटार अजून आली नव्हती, पण जालन्याची आली, अन् तिच्यातून बजरंगलाल उतरला. कणगीनं त्याला दुकानात बसू दिलं नसावं. त्यानं आधी बायकोला बघितलं, मग तिच्या काखेतलं गाठोडं. तो पंचा त्यानं ओळखला. बसंतीबाईला ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

तो जवळ आला. आवाज चढवला नाही. "घरी चल," म्हणाला.

तिला एवढं कळलं होतं की इथं माणसं आहेत अन् घरी नाहीत. ती मोठ्यानं बोलली, एवढ्या मोठ्यानं की फाट्यावरच्या हॉटेलातल्या माणसानं कप विसळायचं थांबवलं. "चंदनबाईचं गाठोडं सापडलं. त्यांच्या भावाला द्यायला परतूरला जाऊन राह्यले!"

बजरंगलालनं गाठोड्याला हात घातला. तिनं सोडलं नाही. ओढाताणीत गाठ सैल झाली अन् कोऱ्या वहाणा मातीत पडल्या. कोणीतरी म्हातारा पुढं झाला. "शेठ, रस्त्यात बाईवर हात टाकता व्हय?"

त्यानं हात काढला. तो हसला, चारचौघांकडं बघून हसला, अन् बोलला ते फक्त तिच्यापुरतं, "माघारी यावंच लागंल. कुठं जाशील?"

साळूबाईनं वाकून वहाणा उचलल्या. परतूरची मोटार आली तेव्हा ती बसंतीबाईला पुढं घालून चढली. मोटार हलली तरी तो तिथंच उभा होता, उन्हात, हात मागं बांधून.

जुगलकिशोरनं स्वतःचं अक्षर ओळखलं. कागद हातात धरून तो दुकानाच्या पायरीवर बसला अन् बायांसारखा रडला. त्यानं फौजदाराकडं अर्ज दिला. फौजदार आले, विहीर बघून गेले. चार वर्षांपूर्वी जाळलेल्या प्रेतावरून काय सिद्ध होणार? गाठोडं हा काही पुरावा नव्हे, असं ठरलं. साळूबाईनं जबानी दिली. त्यानंतर तिला वाटुरात कोणी काम दिलं नाही, म्हणून तीही परतूरलाच राहिली.

बसंतीबाई धावड्याला बापाच्या घरी गेली. बापानं आधी तोंड वाकडं केलं, पण चिठ्ठी वाचून दाखवल्यावर गप झाला. बजरंगलालनं दोनदा माणूस धाडला. तिसऱ्यांदा धाडला नाही.

दोन वर्षांनी कळलं, बसंतीबाई वारली असं सांगून त्यानं शहागडची सोयरीक जुळवत आणली होती. जुगलकिशोर अन् बसंतीबाई शहागडला गेले. पोरीचा बाप ऐकून घ्यायला तयार नव्हता. पोरीची आई दारामागं उभी होती. ती बाहेर आली, जिवंत बसंतीबाईला तिनं नखशिखांत बघून घेतलं अन् नवऱ्याला म्हणाली, "पोरगी द्यायची न्हाई." ती सोयरीक मोडली.

बजरंगलालचं दुकान मात्र चालू राहिलं. बाजारात लोक त्याला रामराम घालत. कामानिमित्त जालन्याला जावं लागलं की बसंतीबाई कोणालातरी सोबत घेई. एकदा रस्त्याच्या पलीकडून तो दिसला. त्याच्याजवळ कोणी नवा माणूस, मुलीचा बाप असावा, हात जोडून बोलत होता. बसंतीबाईनं सोबत आलेल्या आपल्या भावाला तिथंच थांबवलं, अन् तो माणूस एकटा निघाला तशी त्याच्या मागोमाग चालू लागली.