पाय कुणाचा?

ट्रायल रविवारी होती. अभिनंदनाचं डिजिटल शुक्रवारीच लागलं.

चौकात, दोन विजेच्या खांबांच्या मधे ते फ्लेक्सचं कापड एवढं मोठं ताणलं होतं, की मागच्या मेडिकलवाल्याला गिऱ्हाईक दिसेना आणि गिऱ्हाइकाला मेडिकल. 'बंगळूरच्या बलाढ्य क्लबच्या अकादमीत निवड झाल्याबद्दल आपल्या तालमीचा ढाण्या वाघ चि. आदर्श याचे हार्दिक अभिनंदन!' ढाण्या वाघ गॉगल लावून उभा होता. त्याच्या खांद्यामागे सम्राट, बहिणीच्या लग्नातल्या फेट्यासकट, आणि खाली अक्षरं : 'आंतरराष्ट्रीय फुटबॉल तज्ज्ञ'. त्याखाली शुभेच्छुकांची मुंडकी दाटीवाटीनं. त्यातले दोघे वारलेले होते. पण छापणाऱ्याकडं जुनीच फाईल होती, आणि वारलेल्याचं मुंडकं काढ म्हणून सांगायचं कुणाच्या जिवावर येणार?

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ म्हणजे सम्राट त्या क्लबात कंत्राटावर नुकताच लागला होता. काम पोरं हेरायचं. कोल्हापूर जिल्ह्यातली बारा-चौदा वर्षांची पोरं खेळवून बघायची, त्यांचे व्हिडिओ काढायचे आणि एकाची शिफारस बंगळूरला पाठवायची. एकाचीच. निवडलेल्या पोराचं राहणं, खाणं, शाळा, खेळ सगळं क्लबच्या पदरचं. सम्राटचं हे पहिलंच काम होतं.

त्यानं डिजिटल खालून बघितलं, मग रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं. फेटा तेवढा खरा होता.

पेठेचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या त्या तालमीच्या पायरीवर आण्णा बसले होते. तालमीचे अध्यक्ष आणि आदर्शचे आजोबा. शेजारी बाळासो, तालमीचा खजिनदार, दात कोरत.

"आण्णा, ट्रायल अजून व्हायची हाय," सम्राट म्हणाला.

"मग होऊ दे की. आमी कुठं अडवलंय?"

"तसं न्हवं. निवड झाल्याली न्हाय अजून."

"हुतीय की. तू हायस की तिथं."

"आणि दुसऱ्या कुनाची झाली तर?"

दुसऱ्या पेठेच्या गणपतीला वर्गणी दिल्याचं कळावं, तसं आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. "सम्राट, तुला पहिलं बूट कुनी घेतलं?"

"तुमी."

"मापाला मोठं व्हतं का न्हाय?"

"लई मोठं व्हतं."

"का घेतलं मोठं? तर गडी पुढं वाढनार म्हनून. आमी पुढचं आधी बघून ठेवतो लेका. हे डिजिटल बी तसंच हाय. जरा सैल हाय. तू बसवून घे."

त्या बुटांत सम्राट दोन हंगाम कापूस कोंबून खेळला होता. ते बूट नसते तर तोही आज कुठंतरी दात कोरत बसला असता.

आता आदर्श. पोरगं गुणी, त्यात वाद नाही. उन्हात न कुरकुरता पळायचा, पाणी आधी दुसऱ्याला द्यायचा, पडला तर कपडे झाडून हसत उठायचा. फक्त चेंडू पायाशी आला की, घरात मोठं माणूस नसताना पाव्हणा दारात यावा तसं त्याचं व्हायचं. बसा म्हणावं का नंतर या म्हणावं, काही ठरायचं नाही. तोवर चेंडू निघून जायचा.

रविवारी पोरं आली. शिरोळची वडापच्या जीपमधून, पन्हाळ्याची एसटीतून. कसबा बावड्याचा रिजवान सायकलवरून. त्याच्या सायकलच्या सीटला लाल रेक्झिनचं कव्हर होतं, कडेनं सोनेरी गोट. एवढी नटलेली सीट सम्राटनं बुलेटवरही बघितली नव्हती. "पप्पा शिवत्यात," रिजवान म्हणाला आणि सायकल कुंपणाला लावून आत पळाला.

चिठ्ठ्या टाकून दोन संघ केले. आदर्श आणि रिजवान एका संघात आले. तालमीची माणसं हलगी घेऊन कडेला बसली. निवड आधीच झालेली असल्यामुळं त्यांना खेळ बघायची घाई नव्हती.

सम्राटला क्लबात शिकवलं होतं, की चेंडू पायात आल्यावर काय करतो ते सगळेच बघतात, तुम्ही चेंडू यायच्या आधी पोरगं काय करतंय ते बघा. रिजवान चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं बघायचा. दरवेळी. कोण कुठं आहे, कोण पळणार आहे, कोण दमलाय, हे त्याला चेंडू मिळायच्या आतच माहीत असायचं. चहा निम्मा व्हायच्या आत सम्राटच्या हातावर काटा आला. आपण जन्मात असलं पोरगं बघितलेलं नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. कळलं तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याची नजर हलगीवाल्यांकडं गेली.

आदर्शनं दोन गोल केले. म्हणजे झाले. पहिल्या वेळी रिजवाननं चेंडू असा आणून दिला की आदर्शच्या नडगीला लागून तो आत गेला. दुसऱ्या वेळी आदर्श पाठमोरा होता, आण्णा कुठं बसलेत ते बघत. रिजवाननं चेंडू नेमका त्याच्या टाचेवर मारला. टाचेवरून तो खांबाला लागला आणि खांबावरून जाळीत. गोल झाला हे आदर्शला हलगी वाजल्यावर कळलं.

ट्रायल संपल्यावर रिजवान सायकल हातात धरून आला. "सर, माझं कसं झालं?"

"झालं की. चांगलं झालं," सम्राट म्हणाला. आण्णा मागं उभे होते. "पन उंची कमी पडती रे."

"किती पायजे?"

हा प्रश्न येईल असं सम्राटला वाटलं नव्हतं. उंची कमी पडते म्हटल्यावर माणसं मान हलवून जातात. "जरा... वीतभर."

रिजवाननं त्याच्या हाताकडं बघितलं. "तुमच्या वितीनं का माझ्या?"

"माझ्या."

"बरं," म्हणून पोरगं सायकलवर बसलं आणि गेलं.

घरी सम्राट फोनवर व्हिडिओ कापायला बसला. दोन्ही गोल छान दिसत होते, फक्त त्यांत रिजवान होता. त्यानं डावीकडून चौकट आत सरकवली. रिजवानचं डोकं गेलं, खांदे गेले, कंबर गेली. शेवटी गुडघ्याखालचा एक पाय राहिला. तो काढला की चेंडू आभाळातून पडल्यासारखा दिसायचा, म्हणून पाय ठेवावा लागला. कापता कापता एका ठिकाणी दोघं शेजारी उभे दिसले, डोक्याला डोकं. उंची सारखीच. सम्राटनं तेवढा तुकडा पुसून टाकला आणि 'आदर्श, शिफारस' असं लिहून पाठवून दिलं. मग तो जेवायला बसला. आईनं विचारलं, कालवण अळणी झालंय काय? तो म्हणाला, नाही, बरोबर आहे. कालवणात मीठ घालायचं राहिलं होतं, हे आईला स्वतः जेवताना कळलं.

बंगळूरचा फोन आला तेव्हा तो तालमीत होता. क्लबच्या मोठ्या सरांचा फोन म्हटल्यावर आण्णांनी हलगी थांबवली आणि फर्मावलं, "स्पीकरवर टाक. सगळ्यांनी ऐकू दे."

"सम्राट," सर म्हणाले, "गोल वाला लड़का ठीक है. नॉर्मल है. लेकिन वो पैर किसका है?"

"कौनसा पैर सर?"

"दोनों गोल में बाजू से एक पैर आता है. सुबह से मैं वही देख रहा हूँ. मुझे वो पैर चाहिए."

तालमीत आरशापुढं बैठका मारणाऱ्यांनीही बैठका थांबवल्या. सम्राटनं फोनवर हात ठेवला.

"आदर्शचाच म्हन," आण्णा कुजबुजले.

"आण्णा, आदर्श तर समोर गोलात उभा हाय."

"मग त्याचाच दुसरा पाय म्हन."

"एवढा लांब?" बाळासो म्हणाला.

"तू गप रे!"

कोपऱ्यात चटईवर बसलेला आदर्श उठला. तो आला, सम्राटचा हात बाजूला केला आणि फोनमध्ये तोंड घालून ओरडला, "रिजवान का है! बावड्याचा! गोल बी उसकेच हैं, मैं नुसता मधी खडा था!"

सरांनी विचारलं, "सम्राट? तो उसका नाम क्यों नहीं भेजा?"

इथं खरं बोलायला काहीच अडचण नव्हती. अख्खी तालीम ऐकत होती आणि अख्ख्या तालमीला खरं काय ते माहीत होतं.

"रह गया सर," सम्राट म्हणाला.

"रह गया. अच्छा." सरांनी ते शब्द जरा चघळले. "उसके बाप से बात करो. कल तक बताओ." फोन बंद झाला.

कुणी सम्राटकडं बघेना. आदर्श तेवढा बघत होता, रागानंही नाही. हाताशी असलेला गोल एखाद्यानं बाहेर मारावा आणि आपल्याच संघातला असल्यामुळं काही बोलता येऊ नये, तसा. मग तो आजोबांकडं वळला. "आण्णा, मला बंगळूरला जायचंच न्हवतं. तुमी मला इचारलं कुठं?"

आण्णांनी दारातून चौकाकडं बघितलं. "आणि आता त्या डिजिटलचं काय करायचं?"

"मुंडकं बदलता येतंय, आण्णा," बाळासो म्हणाला.

सम्राट मोटरसायकल काढून कसबा बावड्याला निघाला. वाटेत त्यानं मनात बरीच वाक्यं जुळवली आणि साखर कारखान्याच्या वासात ती एकेक करून सोडून दिली.

रिजवानच्या वडिलांचं, गैबीभाईंचं, गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. बाहेर पत्र्याच्या छपरीला आडवा लोखंडी पाईप होता. त्या पाईपला रिजवान लटकला होता, आणि त्याच्या पायांना त्याची धाकटी बहीण कशिश लोंबकळत होती. दोघंही तालमीतल्या माणसांसारखी गंभीर होती.

"या पावणं," गैबीभाईंनी मशीन थांबवलं. "सीट उसवली काय?"

"न्हाय. मी सम्राट. क्लबचा."

"आस्सं." त्यांनी चष्मा वर केला. "वीतभरवालं."

सम्राटनं मान हलवली.

"रविवारपासनं टांगलंय बघा. शाळंतनं आलं की वर. वजन पायजे म्हनून पोरीला खाली अडकवलंय. पोरगी म्हनती, वाढलाय. मी फूटपट्टी लावली. पोरगी लबाड हाय." ते हसले. "बसा की."

सम्राट बसला नाही. "रिजवानची निवड झालीय. बंगळूरला."

आतून रिजवानची आई, खतिजाभाभी, दारात आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी पदर पुढं ओढला आणि वर बघितलं. "उतर नीचे पैले!" रिजवान उतरला नाही. कशिशनं पाय सोडले नाहीत.

"उंचीचं काय झालं मग?" गैबीभाईंनी विचारलं.

'क्लबनं नियम शिथिल केला.' वाक्य तोंडाशी तयार होतं. चांगलं होतं, छापण्यासारखं होतं, कुणाचं त्यात नुकसान नव्हतं. सम्राटनं वर बघितलं. रिजवानच्या हातांच्या शिरा तटतटल्या होत्या.

"उंचीचं काही न्हवतंच," तो म्हणाला. "खोटं बोललो मी."

"म्हंजे चुकून?" गैबीभाईंनी त्याच्यासाठी दार जरा उघडं ठेवलं.

"न्हाय. ठरवून. दुसऱ्याचं नाव पाठवलं. ह्याला व्हिडिओतनं कापला. नुसता पाय राहिला, तो क्लबवाल्यांना दिसला. म्हनून आलोय. न्हाय तर आलो नसतो."

"कशापायी केलं?"

"पेठेत डिजिटल लागलं होतं. आमच्या पोराचं. ट्रायलच्या आधीच."

पेठेत हे कारण पुरेसं होतं. तिथं कुणी पुढं विचारलंच नसतं. इथं पत्र्याखाली, शिवणयंत्रापुढं ते बोलल्यावर कसं वाटतं, हे सम्राट पहिल्यांदा ऐकत होता.

गैबीभाई हसायला लागले. आधी खांद्यातून, मग मोठ्यानं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "डिजिटल लागलं म्हनून?"

"व्हय."

"डिजिटल लागलं म्हनून," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी हसणं निम्म्यात थांबलं. त्यांनी चष्मा लावला आणि सम्राटच्या पायांकडं बघत राहिले, तोंडाकडं बघायचं त्यांच्यानं होईना असं. खतिजाभाभी आत गेल्या. चहा येणार नव्हता, हे सम्राटला कळलं.

रिजवाननं पाईप सोडला. कशिश आधी पडली, मग तो तिच्या शेजारी पडला. उठून त्यानं तळव्यांचा गंज चड्डीला पुसला आणि सम्राटच्या पुढ्यात उभा राहिला. जवळून तो चांगला उंच होता.

"रिजवान, तुझा खेळ लई—" सम्राटनं सुरू केलं.

"ते म्हाईत हाय मला," रिजवान म्हणाला. "तिथं बंगळूरला तुमी असनार काय?"

"न्हाय. मी हितंच."

रिजवाननं बापाकडं बघितलं.

"मग जातो," तो म्हणाला.