ढुंढिराजकाकांचा कान

मित्रांनो, मी एक जुनं साउंड कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि कडेला तीन रंगीत भोकं, एवढाच माझा पसारा. कंप्युटरच्या पोटात बसून आवाजाचे आकडे करायचे आणि आकड्यांचा आवाज, हे माझं काम. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पण मी जगलो ते काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत, ढुंढिराजकाकांच्या घरी.

काका तरुणपणी तारघरात होते. त्यांचे मित्र सुमंत शेजारच्याच खुर्चीवर बसत. पुढे सुमंतकाका जबलपूरला गेले, तेव्हा दोघांनी हौशी रेडिओचे परवाने काढले आणि दोस्ती हवेतून चालू ठेवली. मोर्सच्या टिंबांत आणि रेघांत ते एकमेकांची थट्टाही करत म्हणे.

म्हातारपणी काकांचे कान गेले. रेडिओ चालू असे, पण त्यांना काही ऐकू येत नसे. तेव्हा त्यांनी मला आणलं. रेडिओची तार माझ्यात खोचली. मी आवाज आत घेई, सॉफ्टवेअर त्यातली खरखर गाळून टाकी आणि सुमंतकाकांची टिंबं-रेघा पडद्यावर पिवळ्या होऊन उतरत. खाली त्यांची अक्षरंही उमटत.

"पद्मा, अगं ये इकडे! सुम्या बोलतोय," काका ओरडले. "दिसतोय मला!"

पद्माकाकू पदराला हात पुसत आल्या आणि त्या दिवशी मला कुंकू लागलं.

मग सुमंतकाकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. ते बोट मोर्सच्या किल्लीवर ठेवलं की मात्र ते बोलू लागत. त्यांच्या बायकोला, मधुराकाकूंना, मोर्स येत नव्हतं. त्यामुळे नवरा जवळच्या खाटेवर, पण त्याचं बोलणं आधी काशीला येई. काका ते वाचत आणि पद्माकाकू फोनवरून परत जबलपूरला पोचवत.

"वहिनी, भाऊजी म्हणताहेत, वरणात मीठ नव्हतं."

"अगंबाई! म्हणून तोंड फिरवत होते होय?" मधुराकाकू हसत, आणि हसता हसता रडत.

काका माझ्यावरची धूळ स्वतः झटकत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

यंदा दिवाळीला त्यांची मुलगी ऋता लखनौहून आली. काका-काकू दर्शनाला गेले होते, तेवढ्यात तिनं घर आवरलं. कंप्युटरला आणि मला भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढवलं आणि टेबलावर नवा लॅपटॉप मांडला.

"बाबा, वो कबाड़ गया! हे बघा, तुमच्यासाठी!" ती आनंदानं म्हणाली.

काकांनी तिचे ओठ वाचले. मग हळूच म्हणाले, "माझा कान भंगारात दिलास गं तू."

हे सगळं मला मागाहून पद्माकाकूंच्या तोंडून कळलं. नव्या लॅपटॉपला रेडिओची तार लागेना. सॉफ्टवेअरही आमच्याबरोबरच गेलेलं. ऋता रडत रडत एकेक भंगाराचं दुकान पालथं घालू लागली. तिकडे सुमंतकाका तापानं फणफणले होते.

"सारखे टकटक करताहेत हो," मधुराकाकू फोनवर सांगत होत्या. "पाणी दिलं, कूस बदलली, तरी थांबत नाहीत. काय हवंय यांना?"

शेवटी त्यांनी ती टकटक मोबाइलवर भरून ऋताला पाठवली. ऋतानं आम्हाला एका ढिगाखालून शोधून काढलं आणि रिक्षातून घरी आणलं. काका तारा जोडत होते, तेवढ्यात फोन आला. सुमंतकाका गेले होते.

तेरावं झाल्यावर मधुराकाकूंनी फोनवर विचारलं, "शेवटी काय म्हणत होते, तेवढं तरी सांगा मला."

काकांनी ऋताच्या मोबाइलची तार माझ्यात खोचली. आधी नुसती जाड घरघर आली. ती खोलीतल्या पंख्याची होती. ताप उतरावा म्हणून मधुराकाकूंनी तो जोरात लावला होता. काकांनी ती घरघर गाळली, पुन्हा गाळली. हळूहळू खालून बारीक, थरथरत्या रेघा वर आल्या. अक्षरं जुळली.

मधुरा पंखा. थंडी. मधुरा पंखा. थंडी.

मग थोडी टिंबं, आणि पुढे काही नाही.

"काय म्हणाले हो?" फोन कानाशी धरून पद्माकाकूंनी खुणेनं विचारलं.

काकांनी खुर्ची सरकवून पडदा अंगाआड केला. "मधुरा," ते म्हणाले. "नाव घेत होता तिचं. सारखं."

पलीकडून हुंदका आला. "घेतलं ना माझं नाव? मला वाटलंच होतं."

ऋता काकांच्या मागे उभी होती. तिनं पडदा वाचला होता. ती खाली बसली आणि बापाच्या गुडघ्यावर तिनं डोकं टेकलं. काकांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पडदा मालवला.

मित्रांनो, मला कुंकू नको, कौतुकही नको. जुनी वस्तू दाराबाहेर काढताना एवढंच विचारा, हिच्यावाचून कुणाचा शब्द अडेल का? आणि घरातलं एखादं मुकं माणूस टकटक करत राहिलं, तर पाणी द्या, कूस बदला, आणि एकदा त्याच्या अंगावर पांघरूणही घालून बघा.