नायिकेची पावलं

मी बुटांच्या दुकानात काम करतो आणि आवाज न होणारे बूट विकतो. गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारतं आणि खुशीत म्हणतं, "वा, पायात काही आहे असं वाटतच नाही!" मी मान डोलावतो. मनात म्हणतो, मग घेतोस कशाला मेल्या?

त्या दुपारी दुकान रिकामं होतं. मी खालच्या फळीवर खोकी लावत बसलो होतो, तेवढ्यात दारातून पावलं आत आली. आधी टाच, चांगली दणकून, आणि मग उरलेलं पाऊल सावकाश, नाइलाजाने टेकल्यासारखं. माझ्या हातातलं खोकं हातातच राहिलं. असं चालणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो मेला तरी या दुकानात आला नसता.

वर पाहिलं तर पंचविशीची एक मुलगी. गल्ल्यावर बसलेल्या मॅनेजरला ती विचारत होती, "इथे वहिनी असतात ना?"

"नाही मॅडम, आमच्याकडे लेडीज स्टाफ नाही."

"आहे. मीच," मी गुडघ्यावर हात टेकत उठलो. मॅनेजर माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला, त्याच नजरेने तो आजही बघतो.

हे नाव मला सिनेमाने दिलं. शूटिंग करताना पावलांचा आवाज नीट मिळत नाही. तो नंतर स्टुडिओत भरावा लागतो, पडद्यावरचं चित्र बघत बघत कुणीतरी खरोखर चालून. बावीस वर्षं ते चालणारे आम्ही दोघं होतो. माझे पाय लहान, बायकांच्या सँडल मला बिनबोभाट बसायच्या, म्हणून सगळ्या नायिका माझ्या वाट्याला. जोडीदार धिप्पाड, त्याला सगळे हत्ती म्हणत. नायक, खलनायक, फौजदार, सगळे त्याच्याकडे. तो हत्ती आणि मी वहिनी. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा स्टुडिओतून फोन यायचे, "वहिनींना लवकर पाठवा," आणि माझी बायको बिचारी केस विंचरून तयार व्हायची.

काय खोली होती ती! जमिनीत चौकोनी खड्डे: एकात खडी, एकात वाळू, एकात ओली माती. बाजूला फरशीचा पट्टा आणि लाकडी फळ्या. पंखा बंद, कारण त्याचा आवाज यायचा. पडद्यावर तो आणि ती हातात हात घालून तळ्याकाठी फिरायचे, आणि खाली आम्ही दोन घामेजलेले बाप्ये, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून, एकमेकांच्या शेजारी खडी तुडवायचो. माइक चालू असला की बोलायची सोय नसे. म्हणून हत्ती दोनदा टाच आपटायचा, म्हणजे निघू या? मी एकदा आपटायचो, म्हणजे चल. मग दोघांची पावलं बरोबर पडायची. ते ठोके नंतर कापून टाकत. प्रेक्षकांच्या कानावर ते कधी गेले नाहीत. मला मात्र त्या सगळ्या सिनेमांतलं दुसरं काही फारसं आठवत नाही.

"काका, ओळखलंत का?" मुलीने विचारलं.

"तू आत आलीस तेव्हाच. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. तुझे तर ऐकूसुद्धा येतात. हत्तीची ना तू?"

ती हसली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेत होती. आता सिनेमा करत होती. स्वतःचा, मित्रमैत्रिणींना गोळा करून, उसन्या कॅमेऱ्यावर. एक म्हातारं जोडपं आपलं पहिलं भाड्याचं घर शोधत दिवसभर चालतं, एवढीच गोष्ट. रस्त्यावर शूटिंग केल्यामुळे सगळ्या आवाजाची गाड्यांनी वाट लावली होती. पावलं पहिल्यापासून भरायला हवी होती. बारा दिवसांचं काम. अनुभव चांगला मिळेल, टीम फार प्रेमळ आहे, शेवटी पडद्यावर नाव येईल...

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी म्हणालो. "पैसे?"

"नाहीत, काका."

"म्हणजे किती नाहीत?"

"अजिबात नाहीत. चहा मिळेल. जेवण मी करते, पण ते काही सांगण्यासारखं नाही."

"आणि नाव घेऊन काय करू? दारावर लावू? दारावर आधीच आहे."

माझं तोंड असंच आहे. त्या तोंडानेच तर सगळं केलं.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक नवा दिग्दर्शक आला होता, खिशाने रिकामा. हत्तीने मला न विचारता दोघांच्या वतीने होकार देऊन टाकला. मी भडकलो. त्याआधी लागोपाठ दोन कामं आम्ही फुकट केली होती आणि घरी बायको भाजीसुद्धा निवडून निवडून, थोडीथोडी आणत होती. मी चारचौघांत सांगितलं की यापुढे फुकट एक पाऊलही टाकणार नाही.  हत्तीने शब्द दिला होता, म्हणून त्याने एकट्यानेच काम केलं. त्याचीही पावलं आणि माझीही. पहिल्या खेळाला मला बोलावणं होतं, मी गेलो. नायिका अनवाणी, हळूच, निजलेल्या बाळापाशी जाते असा प्रसंग होता, आणि आवाज आला कुणी कपाट सरकवल्यासारखा. मी मोठ्याने हसलो. माझ्या मागोमाग सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतून हत्ती उठला आणि खाली मान घालून निघून गेला.

त्यानंतर तयार आवाज कॉम्प्युटरमधून मिळायला लागले, स्टुडिओ बंद पडला, मी इथे आलो. चूक कोणाची याचा मी अकरा वर्षं मनसोक्त विचार केला. फोन मात्र केला नाही. त्याची आठवण यायची. रोज यायची, उगाच कशाला खोटं बोलू?

"तुझ्या बापाने पाठवलं का तुला?"

"नाही. त्यांना माहीतही नाही मी आले ते," ती म्हणाली. "त्यांचे गुडघे गेलेत, काका. उभं राहवत नाही. म्हाताऱ्याची पावलं त्यांनी स्टुलावर बसून केली, हातात बूट घालून, टेबलावर फळी टाकून. म्हातारीची करा म्हटलं, तर हात लावेनात. म्हणाले, ती माझी नव्हेत. मग दुसऱ्या कुणाला आणू का म्हटलं, तर म्हणाले, बघ बाई, तुझा सिनेमा आहे." तिने एक पेन ड्राइव्ह आणि फोन नंबराची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "एकदा ऐका. उद्या नाही म्हणालात तरी राग नाही."

ती गेल्यावर मॅनेजरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला की बारा दिवस रजा बिनपगारी मिळेल, आणि शाळा उघडायच्या तोंडावर मागितलीत तर परत आल्यावर जागा असेलच असं सांगता येत नाही. साठीला आलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार, हे त्याने सांगितलं नाही. ते मला पाठ होतं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. जिन्यावर टक टक, टक टक. आमच्या घरात येताना ती रोज अशीच वाजत येते, आणि मी रोज तो आवाज ऐकून गप्प बसतो. कारण त्या सँडल माझ्या होत्या. काळ्या, लाकडी टाचेच्या, माझ्या सगळ्या नायिका त्यांतूनच चालल्या. मी काम सोडलं तेव्हा बायको म्हणाली, टाकून कशाला द्यायच्या, आणि वापरायला लागली. टाचेखालच्या चकत्या दोनदा बदलल्या, लाकूड तेच.

मी तिला सगळं सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली.

"बारा दिवस? बिनपगारी? अहो, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस अजून फिटली नाही का?"

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. नोकरी गेली तर काय करायचं?"

"म्हणूनच नाही म्हणणार आहे. माझा शब्द आहे, फुकट पाऊल टाकणार नाही."

"शब्द कसला! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातला तुमचा प्रकार," ती म्हणाली आणि कांदा चिरायला बसली. ती कोणत्या बाजूची आहे ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं.

मी मुलाचा जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला आणि कानाला हेडफोन लावले. पडद्यावर एक चिंचोळा रस्ता. म्हातारा आणि म्हातारी कोपऱ्यावर उभे, पत्ता आठवत. अजून कुणी हललेलं नाही. आणि कानात ठोके पडले. टक. टक.

 ते ठोके तिने कापले नव्हते.

त्यानंतर काही नाही. नुसती खोलीची शांतता, स्टूल किंचित करकरलं तेवढंच. हत्ती इतका वेळ कधी थांबायचा नाही. माझा ठोका जरा उशिरा आला की कोपर मारायचा. इथे तो थांबला होता. अगदी शेवटच्या क्षणी, चित्र पुढे जायला लागलं तेव्हा नाइलाजाने म्हाताऱ्याची पावलं निघाली. टाच आधी, दणकून. शेजारून म्हातारी चालत होती, पायात काही नसल्यासारखी, बिनआवाजाची.

मी पुढचा प्रसंग लावला. जिना. टक, टक, आणि मोकळी जागा. त्याच्या पुढचा. टक, टक. मोकळी जागा. सबंध सिनेमाभर, गुडघे गेलेला तो माणूस हातात बूट घालून मला विचारत होता आणि थांबत होता.

चौथ्या की पाचव्या वेळी मला कळलं की माझी अनवाणी टाच फरशीवर आपटली आहे. एकदाच.

बायकोने सुरी थांबवली. कानात काय वाजतंय ते तिला ऐकू येत नव्हतं. तिने फक्त माझा पाय पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते बघण्यासारखं नसावं, कारण तिने पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, "कांदा फार झणझणीत आहे."

ती उठली, दाराशी गेली आणि सँडल घेऊन आली. टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवल्या. "डावीचा पट्टा सैल झालाय. शिवून घ्या. आणि बारा म्हणजे बारा, तेरावा दिवस लागला तर मी स्वतः तिथे येईन."

"नोकरीचं?"

"बघू. तुम्ही तिथे तरी कुठे मनापासून विकता?"

मी हत्तीच्या मुलीला फोन लावला. तो उचलला तिच्या बापाने. "हॅलो," तो म्हणाला. अकरा वर्षांनी तोच घोगरा आवाज. "हॅलो? कोण बोलतंय?"

 मी फोन जमिनीजवळ नेला, सँडल हातात घातली आणि फरशीवर एकदा आपटली.

पलीकडे स्टूल करकरलं. 

"उशीर केलास, वहिनी," हत्ती म्हणाला.