शंभराच्या आत

साहेब, तुम्ही दिलेला शब्द मोडला असता तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही तो मोडलाही नाहीत आणि पाळलाही नाहीत. नुसता खिशात घालून फिरताय. याला आमच्यात लबाडी म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात ते ठाऊक नाही. पण शब्द दिलात तेव्हा मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा होतो, म्हणून बोलायचा हक्क माझा आहे.

"भंगाराचा काटा मोकळा करा," तुम्ही म्हणालात.

काट्यावरचे सळयांचे तुकडे बाजूला सारले गेले आणि क्रेन ऑपरेटरला त्यावर उभं केलं गेलं. सगळी साइट बघत होती. तो वर चढून म्हणाला, "साहेब, भंगारात मला भाव काय लावणार?" लोक हसले. तो हसवतो, म्हणून हसले. काटा दीडशेच्या पुढं जाऊन थांबला. तुम्ही सेफ्टी बेल्ट उलटा करून त्याच्या नाकापुढं धरलात. त्यावर शंभर किलो छापलेलं होतं.

"शिडीवरून घसरलास तर हा पट्टा तुला धरणार नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"शंभराच्या आत ये. त्याच दिवशी वर क्रेनवर पाठवतो."

आणि तुम्ही हात पुढं केलात. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

पट्ट्याचं खरंच होतं, त्यात तुमची चूक काढत नाही. काट्याबद्दल मात्र माझा राग आहे आणि तो जायचा नाही.

आम्ही त्याला पाखरू म्हणतो. एवढा अवाढव्य माणूस, आणि दिवसभर आभाळात बसलेला. दुसरं काय म्हणणार? तो वर केबिनमध्ये आणि मी खाली, वॉकीटॉकी घेऊन. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही, ते मी सांगायचं. उचल, डावीकडे घे, सावकाश, बस्स, टेकव. इतकी वर्षं मी त्याचे डोळे आहे आणि तो माझे हात. सळयांची मोळी तो अशी खाली ठेवतो की शेजारी झोपलेलं मांजर उठत नाही. बायकोशी बोललो नसेन इतकं मी त्याच्याशी बोललो आहे, आणि त्यातलं निम्मं 'सावकाश, सावकाश' एवढंच.

तुम्ही त्याला स्टोअरमध्ये बसवलंत. खिळे मोजून द्यायचे, हेल्मेटं परत घ्यायची. तो खिडकीपाशी खुर्ची ओढून वर बघत बसायचा. नवा ऑपरेटर माल टेकवताना आदळायचा, तेव्हा पाखराचा चेहरा असा व्हायचा जसं कुणी त्याच्या पोराला थोबाडीत दिली.

चार महिने त्यानं खाणं कमी करून बघितलं. वजनानं त्याला दाद दिली नाही. मग एक दिवस वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि पोटाचं ऑपरेशन ठरलं. पोट कापून लहान करतात. मी भेटायला गेलो तर हा पलंगावर बसून औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यातून पाणी चाटत होता.

"कसं वाटतंय?"

"बंगला पाडून मोरी बांधल्यासारखं," तो म्हणाला. "घर तेच आहे, पण राहायचं कुठं?"

वहिनी म्हणाली, "भावजी, हसवू नका त्यांना. टाके आहेत."

पहिले महिने गंमतीत गेले. वजन आपोआप उतरत होतं. ज्याला त्याला कौतुक. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं की तो गेटवरच्या वॉचमनलाही दाखवून यायचा. खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली, तेव्हा वहिनीनं शेजारणीला बोलावून ते दाखवलं होतं.

पण कौतुक हे नव्या सुनेसारखं असतं. सहा महिन्यांनी कुणी वळून बघत नाही. वजन एका जागी अडून बसलं. केस गळायला लागले. पोटावरची, दंडांवरची कातडी रिकाम्या गोणीसारखी लोंबायला लागली. आहार सांगणारी बाई म्हणाली, आता ऑपरेशनचं काम संपलं, इथून पुढं तुमचं. रोज व्यायाम करा.

"रोज?" यानं विचारलं.

"जन्मभर," ती म्हणाली.

तो गेटपासून भिंतीपर्यंत चालायला लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गड्या, हे काय आहे? लोक कुत्र्याला फिरवतात, मी स्वतःलाच फिरवतोय. आणि कुत्र्याला निदान शेपूट असते, बरं वाटलं तर हलवायला."

"मग जिना चढ," मी म्हणालो. "जिन्यानं निदान माणूस कुठंतरी पोचतो."

इमारत तेव्हा सातव्या मजल्यावर होती. लिफ्ट नाही, कठडा नाही, नुसता कच्चा जिना. दुपारच्या सुट्टीत तो चढायला लागला. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसला आणि म्हणाला, इथंच माझं श्राद्ध घाला. मी खालून वॉकीटॉकी उचलला. मला सुचलं ते बोललो, ठरवून काही नव्हतं.

"लोड बांधला का?"

आधी नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला. "बांधला."

"उचल. सावकाश."

"झोका खातोय."

"कुठं?"

"डाव्या गुडघ्यात."

"धरून ठेव. घाई नाही. हां, आता घे वर."

असं करत मी त्याला चौथ्या मजल्यावर नेऊन टेकवला. दुसऱ्या दिवशी त्याहून वर. मग ती रीतच पडली. गवंडी डबे खाता खाता ऐकायचे. कुणी म्हणायचा, आज माल जड दिसतो. कुणी म्हणायचा, साखळी तपासा रे. तो जिन्यातून शिव्या घालायचा, दम पुरेल तेवढ्या. त्याच्या शिव्या लांबायला लागल्या तसं मला कळायला लागलं की छाती सुधारतेय.

कंटाळ्याचे दिवसही होते. तो स्टोअरचं दार लावून आत बसायचा, "आज नाही" म्हणायचा. त्याला व्यायामाचे फायदे सांगून उपयोग नसे, ते त्याला पाठ होते. मी एवढंच म्हणायचो, "काल नवा स्लॅब टाकला. क्रेन अजून वर सरकलीय. तू खालीच राहिलास तर ती हाताला लागायची नाही." मग तो उठायचा. इमारत वाढत होती म्हणून तो चढत होता. मजला चढला की त्याचा व्यायाम वाढायचा, न सांगता.

एकदा तुम्ही मध्येच बोललात, आठवतं? तुमच्या टेबलावरचा वॉकीटॉकी त्याच चॅनलवर असतो. म्हणालात, "चॅनल कामासाठी आहे." पाखरू आठव्या मजल्यावरून म्हणाला, "कामच चाललंय साहेब." तुम्ही ते चालू दिलंत. मला वाटलं, हा माणूस बरा आहे.

आणि तो शंभराच्या आत आला. त्याच भंगाराच्या काट्यावर तो आपणहून जाऊन उभा राहिला. काटा थरथरून शहाण्णववर थांबला. गवंड्यांनी फावड्यांवर थाळीसारखा ठेका धरला. तो खाली उतरला, तोंड धुतलं, डॉक्टरचा कागद घेतला आणि तुमच्या केबिनमध्ये गेला. मी मागोमाग होतो.

"अरे वा," तुम्ही म्हणालात. "ओळखूच आला नाहीस."

"शंभराच्या आत आलो साहेब."

"हो हो. छान. पण ते पोटाचं ऑपरेशन केलंस ना तू? उंचीवर चक्कर आली तर?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"चक्कर कधीच आली नाही?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. मी असतो तर बोललो असतो. तो म्हणाला, "एकदा आली. सुरुवातीला. गोड चहा घाईनं प्यायलो होतो. त्यानंतर गोड सोडलं, पुन्हा आली नाही."

तुम्ही कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलात. "बघतो. हेड ऑफिसला विचारावं लागेल. कळवतो."

त्यानंतर तो चार वेळा तुमच्या दाराशी आला. एकदा तुम्ही मीटिंगमध्ये होता. एकदा जेवत होतात. एकदा फोन कानाला लावलात, जो वाजला नव्हता. चौथ्या वेळी म्हणालात, "कळवतो म्हटलं ना."

त्यानं जिना सोडला.

मी बोलावलं, चिडवलं, क्रेनचं नाव काढलं. क्रेनचं नाव काढलं की तो खिळ्यांच्या पेटीत हात घालून बसायचा. पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. "भावजी, जरा येऊन जा. हे उभ्या उभ्या खातात. मी स्वयंपाकघरात गेले की डब्याचं झाकण वाजतं."

मी गेलो तर तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. टीव्ही चालू, आवाज बंद.

"ऊठ रे," मी म्हणालो. "एवढं कमावलेलं घालवतोस होय?"

"काय कमावलं?" तो वळलाही नाही. "मला बारीक व्हायचंच नव्हतं. मला वर जायचं होतं."

वहिनी दारात होती, हातात ओलं फडकं. ती रागावली होती, आणि ती रागावली की आवाज खाली जातो तिचा.

"अहो, मी तुम्हाला त्या क्रेनसाठी नव्हतं नेलं ऑपरेशनला. झोपेत तुमचा श्वास अडकायचा. मी हलवून जागं करायची. तुम्हाला वाटायचं मी घोरण्याला वैतागते."

तो उठून बसला. "बोलली नाहीस कधी."

"क्रेनच्या नावानं तुम्ही तयार झालात. मी म्हटलं, होऊ देत. देवाच्या नावानं का होईना, माणूस आंघोळ करतोय ना."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्यानं ते दाबलं. मी निघालो. नवरा-बायकोच्या मध्ये वॉकीटॉकी धरून उभं राहण्यात अर्थ नसतो.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. शेजारी वॉकीटॉकी चालू. सुट्टीत कुणी बोलत नाही. आणि त्यातून धाप ऐकू आली. शब्द नाही, नुसती धाप, आणि मधूनमधून बूट घासल्याचा आवाज. बहुतेक चढताना त्याच्या कमरेवरच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं जात होतं. गवंडी चघळायचे थांबले. मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. या वेळी त्याला मी नको होतो.

डबा तसाच टाकून मी जिन्यानं गेलो. इमारत आता तेराव्या मजल्याला येऊन थांबली आहे, शेवटचा स्लॅब टाकून झालाय. तो गच्चीवर क्रेनच्या खांबापाशी उभा होता. शिडीला हात लावून. चढत नव्हता. तेवढी शिस्त आहे त्याला, परवानगीशिवाय पहिल्या दांडीवरही पाय ठेवायचा नाही.

"कशासाठी आलास रे?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "बसून राहिलं की जास्त दमतो." मग वर केबिनकडे बघून म्हणाला, "काच पुसत नाहीत रे. ऊन आलं की डोळ्यावर येणार."

आता तो रोज येतो. पंधरा दिवसांत ही क्रेन सुटी करून दुसऱ्या साइटवर नेतील. तिथं वर कोण बसणार, ते तुमच्या सहीनं ठरेल.

साहेब, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ऑपरेशन झालेला माणूस, उंची, वारा. भीती असू शकते. असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आठ दिवस खाली बसवून तपासा, काय हवं ते करा. आणि तरी नाही पटलं, तर 'नाही' म्हणा. तो 'नाही' पचवेल. त्याचं पोट लहान केलंय, काळीज नाही. पण 'कळवतो' या शब्दावर कुणी रोज तेरा मजले चढू नये.

तुमचा वॉकीटॉकी त्याच चॅनलवर आहे. रोज दुपारी ती धाप तुमच्याही टेबलावर ऐकू येते, आणि तुम्ही आवाज कमी करता हे ऑफिसातल्या शिपायानं मला सांगितलंय. उद्या कमी करू नका. तो गच्चीवर पोचेपर्यंत ऐका, मग बटण दाबा आणि त्याला सांगा: वर जायचं, की नाही?