तोंड प्रवाहाकडे

हातातून सुटल्याबरोबर मासा कुशीवर कलंडला आणि पांढरं पोट वर करून पाण्याबरोबर वाहायला लागला.

जावयाने झेप घेऊन त्याला पुन्हा धरलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पोटाखालून आधार दिला. मासा चांगला हातभर लांब होता. अंगावरचे तांबडे ठिपके ताजे दिसत होते, पण जीव नसल्यासारखा तो तळहातावर पडून होता.

"बाबा, हा पोहत नाहीये!"

"ओरडू नका. आलो."

सासरे काठी टेकत, एकेक दगड पायाने चाचपत पाण्यातून आले. सत्तरी ओलांडलेली, उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेलेला. नदीत उतरले की मात्र ते दुकानातल्यापेक्षा ताठ उभे राहत. जावई माशाला मागे-पुढे हलवत होता.

"हलवू नका त्याला. मागे ओढलं की कल्ल्यांत उलटं पाणी शिरतं. तोंड प्रवाहाकडे करा आणि नुसतं धरून ठेवा. बाकीचं पाणी बघेल."

जावयाने तसं केलं. पाणी नेहमीसारखं बोचत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. सकाळी सासऱ्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून बघितला होता. उन्हं चढली की आवरायचं, तापलेल्या पाण्यात या माशांना धाप लागते, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मघाशी त्यांनी गळाची दोरी रिळावर गुंडाळायला घेतली आणि "चला" म्हणाले, तेव्हा जावयाच्या तोंडून निघून गेलं, "एकदाच टाकतो."

मासा पकडायची त्याला तेवढी हौस नव्हती. आवरलं की गाडीत बसायचं होतं, आणि गाडीत बसलं की जे सांगायला तो आला होता ते सांगावं लागणार होतं. म्हणून त्याने दोरी मागे झुलवून पुढे टाकली. गळाला बांधलेली पिसांची नकली माशी पाण्यावर टेकली न टेकली तोच खालून तोंड आलं. एरवी त्याने गळाची काठी उंच धरून मासा पटकन जाळीत घेतला असता. आज मन थाऱ्यावर नव्हतं. मासा पळेल तिकडे त्याने पळू दिला, दोरी तुटेल म्हणून धसमुसळेपणा टाळला, आणि या नादात मासा पार दमून गेला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं. आता नीट धरा."

माशाच्या पलीकडून सासरेही खाली बसले. बसताना त्यांचा गुडघा कट्कन वाजला. हात आधी पाण्यात बुडवून त्यांनी शेपटीचं मूळ हलक्या बोटांनी धरलं. कोरडा हात माशाला लावायचा नाही, त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने चेपून आणायचा, हे सगळे धडे त्यांनीच जावयाला दिले होते. ही मासेमारी घरी काही न्यायची नव्हतीच. शेजारचे हसायचे. दिवसभर पाण्यात उभं राहून रिकाम्या हाताने येता, मग नळाखाली उभं राहा की, म्हणायचे.

कल्ले एकदा उघडले. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उघडले.

दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली होती. इतक्या जवळ ते कधी बसले नव्हते, दवाखान्यातल्या त्या बाकावरसुद्धा नाही. त्यांना जोडणारी एकुलती एक मुलगी, एकाची लेक आणि दुसऱ्याची बायको, जाऊन दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला येणारी-जाणारी माणसं हळूहळू आपापल्या कामाला लागली. राहिला तो एक रविवाराआड नदीवर यायचा परिपाठ. तो कुणी ठरवला नव्हता, म्हणून मोडायचा कुणी हेही ठरत नव्हतं.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"सकाळपासून एकच गाठ बांधताय आणि सोडताय. चहा ओतून घेतलात तो तसाच खडकावर गार झाला. बोला."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत पट्ट्याला लटकून त्याने हे बोलणं कितीदा घोकलं होतं. तिथे ते छान वाटायचं. आधी तिची आठवण, मग एकटेपणा, मग तुमच्याबद्दलचा आदर, अशी सगळी रांग लावलेली होती. आता तोंड उघडलं आणि रांगेतलं शेवटचंच वाक्य पुढे घुसलं.

"मी लग्न करतोय."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. शेपटीवरची बोटं तशीच होती.

"म्हणजे अजून ठरलं नाही," जावई म्हणाला. "ठरलंय खरं तर. पण तुम्हाला विचारल्याशिवाय... म्हणजे विचारणं असं नाही, पण तुमच्या कानावर आधी..."

"हात ढिला पडतोय. पोट धरा त्याचं."

त्याने पोट धरलं. पाणी दगडांवरून आवाज करत जात होतं. बोललो ते बरोबर का चूक, की नुसती वेळ चुकली, या विचारात असतानाच तळहाताखाली काहीतरी ताठ झालं. कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आता मध्ये थांबणं नव्हतं.

"हात खालीच ठेवा, पण धरू नका," सासरे कुजबुजले. "त्याला वाटलं तर जाईल."

मासा जागच्या जागी तोलून राहिला, पाण्याच्या विरुद्ध, स्वतःच्या जोरावर. मग शेपटीचा एकच फटकारा बसला, दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि समोरच्या खडकाखालच्या सावलीत एक करडी रेघ नाहीशी झाली.

जावयाचा जीव भांड्यात पडला. मग त्याने सासऱ्यांकडे बघितलं. ते ओल्या खडकावर बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मग लक्षात आलं की ते हसताहेत.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच म्हणजे?"

"अहो, मला वाटलं, तुम्ही आता येणं बंद करणार. मागच्या खेपेलाच जरा गप्प होता. आज सामान भरताना मनाशी म्हटलं, झालं, आजची शेवटची."

"मी कशाला येणं बंद करेन?"

"न यायला कारण लागत नाही, जावईबापू. यायला लागतं. ती होती तोवर कारण होतं."

जावई त्यांच्या शेजारी खडकावर जाऊन बसला. इतके दिवस आपण इथे यांच्यासाठी येतोय असं तो समजत होता. काल-परवाच त्याने, जिच्याशी लग्न ठरलं होतं तिला, फोनवर तसं सांगितलंही होतं. आता गार झालेला चहा त्याने उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला. तो चक्क चांगला लागला.

"करते काय ती?"

"पोहायला शिकवते. तलावावर."

"बरं झालं. आपल्या दोघांत धड पोहता एकालाही येत नाही."

आता जावईही हसला. हसता हसता त्याने बाहीने नाक पुसलं.

"माझ्याबद्दल माहीत आहे तिला?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं. म्हटलं, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी सापडणार नाही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, कुठे असता ते मलाही दाखवा."

सासरे उठले, दोन पावलं पाण्यात गेले आणि ओंजळीने तोंड धुवायला लागले. धुतलेलंच तोंड ते पुन्हा पुन्हा धूत राहिले. जावयाने तिकडे पाठ केली आणि सावकाश दोरी गुंडाळली. गाठीचे कापलेले दोरीचे तुकडे वाळूत पडले होते, तेही वेचून खिशात टाकले. पक्ष्यांच्या पायात अडकतात.

काठावर आल्यावर सासऱ्यांनी गाडीतून ब्रश काढला. एका नदीचं शेवाळ दुसऱ्या नदीत जायला नको म्हणून बूट इथेच घासून घ्यायचे, हा त्यांचा नेम होता. डिकीच्या कडेवर बसून त्यांनी एक बूट तळव्यापर्यंत घासला, उन्हात धरून बघितला आणि खाली ठेवला. चेहरा आता मोकळा दिसत होता, सकाळपेक्षा तरुणच म्हणायला हवा.

"ती मला हाक काय मारणार?" त्यांनी दुसरा बूट उचलत विचारलं.

"तुम्ही सांगाल ती. काका म्हणू दे?"

सासरे ब्रश घासत राहिले. टाचेच्या खाचेत अडकलेला खडा त्यांनी नखाने उकरून काढला.

"काका म्हणणारे गल्लीभर आहेत मला," ते म्हणाले. "बाबा म्हणणारे तुम्ही एकटेच उरलात."