बोटं मोजा

लघुपट स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं याचं नवल वाटलं नाही. इतका उशीर केला, याचाच राग होता. उदगीरला तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे, तीन हजारांच्या वर लग्नं मी शूट केली आहेत. पंचविशीत मुंबईला एका सिनेमाच्या सेटवर आठ महिने रिफ्लेक्टर धरून नायिकेच्या गालावर ऊन पाडलं. एक दिवस हात हलला, कॅमेरामनने सगळ्यांसमोर आईवरून शिवी घातली आणि मी गावी परत आलो. माझी स्वतःची एक पटकथा आहे, ट्रंकेत पडलेली. तिच्यासाठी लागणारी माणसं, दिवे आणि कॅमेरे मला या जन्मात मिळाले नाहीत.

आणि आता हे एआय. ही स्पर्धा भरवणाऱ्या लातूरच्या मंडळाकडे मागच्या वर्षी लघुपटांच्या नऊ प्रवेशिका आल्या होत्या, यंदा त्र्याऐंशी. मुखेडच्या अंगणवाडी सेविकेने सिनेमा केला, निलंग्याच्या एसटी कंडक्टरने केला, तोही घरी बसून, मोबाइलवर. मशीनला सांगायचं की असं शेत दाखव, अशी बाई दाखव, तिला रडव. बाई रडते. उन्हाची वाट बघणं नाही, कुणाची शिवी खाणं नाही. मंडळाचा रविकिरण फोनवर म्हणाला, "काका, आता कुणालाबी पिच्चर काढता येतोय बघा. ज्याच्याजवळ गोष्ट हाय, त्यो काढून राहिला." त्याला कोण आनंद झाला होता. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

निवडलेल्या दहा सिनेमांचा पेनड्राइव्ह आणि प्रत्येकाबरोबर एकेक पान माहिती मला आठवडाभर आधी मिळाली होती. मी पेनड्राइव्ह लावला नाही आणि पानंही वाचली नाहीत. मशीनच्या कामाला कसला अभ्यास करायचा, असं माझं म्हणणं होतं.

लातूरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. प्रत्येक सिनेमाची पहिली तीन मिनिटं दाखवायची, मग परीक्षकाने स्टेजवर दोन शब्द बोलायचे, आणि पहिला येईल तो संध्याकाळी पूर्ण दाखवायचा, असं ठरलं होतं. कंडक्टरच्या सिनेमात एसटीला दोन स्टेअरिंग निघाली. मी ते बोलून दाखवलं, लोक हसले. हसू कानाला गोड लागलं. तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी टाळी वाजवली नव्हती, इथे दुसऱ्यांच्या चुकांवर वाजत होती.

सहावा सिनेमा आमच्या उदगीरचाच निघाला, नाव 'तुरीचा हंगाम'. करणारी सदफ नावाची मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, झेरॉक्सच्या दुकानात कामाला. पडद्यावर डाळमिल आली. हवेत भुसा, खिडकीतून तिरपं ऊन, आणि एका तरुण माणसाचा हात तुरीच्या ढिगात शिरून मूठभर दाणे उचलतो. मग पडदा काळा झाला, नुसता मिलचा आवाज. पुन्हा तोच ढीग, तोच हात, आता सुरकुतलेला. ऊन इतकं खरं पडलं होतं की मला बघवेना. तसलं ऊन पाडायला मी आठ महिने खपलो होतो.

आणि मला चूक सापडली.

"थांबवा तिथंच," मी माइकवर म्हणालो. "मघाच्या हाताला पाच बोटं होती ना? आता मोजा. सगळ्यांनी मोजा."

हॉल मोठ्याने मोजू लागला. एक, दोन, तीन! आणि लोकांनी हशाने हॉल डोक्यावर घेतला.

सदफ उठून उभी राहिली. "सर, ती चूक न्हाई. फुडचं बघा, समजंल."

"वेळ कमी आहे बेटा," मी म्हणालो. "आधी तुझ्या मशीनला पाचापर्यंत मोजायला शिकव."

त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी मला या वाक्यावर मिळाली.

मधल्या सुट्टीत बाहेर चहा घेत होतो. पांढरा शर्ट, जाळीची टोपी घातलेला साठीचा एक माणूस अदबीने जवळ आला. मागे सदफ होती.

"सलाम, उमाशंकरभाऊ. वळखलं का? मी चांदपाशा, डाळमिलमधला. हिचा बाप. आमच्या थोरलीच्या लग्नाची शूटिंग तुमीच केल्ती."

मला काही आठवलं नाही. तरी वा वा म्हणत मी हात पुढे केला. तो गोंधळला. डाव्या हातातला चहाचा ग्लास त्याने खाली ओट्यावर ठेवला आणि तोच डावा हात माझ्या हातात दिला. उजवा पँटच्या खिशात होता आणि तिथेच राहिला.

"पोरीचं काय चुकलं असंल तर माफ करा," तो म्हणाला. "लई दिवसापून करून राहिली ती."

"अब्बा, माफी कशाची मागून राहिले?" सदफ म्हणाली. "हात काढा भाईर."

"ऱ्हाऊ दे गं."

"सकाळी बसमधी भाईर व्हता. मिल सोडून चार लोकांत बारा वर्सांत पैल्यांदा." मग ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काका, मशीन पाचच बोटं देतंय. तीन दे म्हणलं तरी पाच. दोन तुटल्यात म्हणलं तरी पाच. त्याला वाटतंय तीन म्हंजे चुकी, सुधरून देतंय. दोन महिने भांडले मी. सव्वाशे खेपा झाल्यावर तीन दिले त्यानं."

"आधी सांगायचं ना," मी म्हणालो.

"पानावर लिव्हलंतं."

चांदपाशाने खाली ठेवलेला ग्लास उचलला आणि चहा न संपवताच मुलीला चल म्हणाला.

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. स्टेजवर जाऊन माइक घ्यायचा, दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. माणसंही तीच होती, ज्यांना मी मोजायला लावलं होतं. मी गेलो नाही. परीक्षकाने शब्द फिरवला तर मंडळाचं काय राहील, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा टाळ्या जास्त हव्या होत्या. पहिला नंबर दोन स्टेअरिंगच्या कंडक्टरला गेला. बापलेक त्याच्या आधीच उदगीरच्या बसने निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धंच उघडलं आणि पेनड्राइव्ह लावला. तीन मिनिटांच्या पुढचं बघायचं होतं.

तीन बोटांचा तो माणूस मिलमध्ये डाळ पाखडतो, त्याच हाताने बिडी पेटवतो, धाकट्या मुलीची वेणी घालतो. त्या हाताचं त्याला काहीच वाटत नाही. मग थोरलीचं लग्न येतं. मांडव, बिर्याणीचे डेग, नवे कपडे. स्टुलावर एक कॅमेरावाला चढलेला, झुपकेदार मिशा, खांद्यावर पिवळा पंचा. तो मी होतो. मशीनने मिशासुद्धा चुकवल्या नव्हत्या.

"चांदभाई, तेवढा हात खिशात घाला," पडद्यावरचा मी म्हणालो. "फोटो खराब येतो."

हे मी सगळ्यांनाच म्हणतो. तिरळ्याला खाली बघायला लावतो, भाजलेल्या बाईला पदर ओढून घ्यायला सांगतो. धंद्यातली सफाई म्हणून त्याचा मला अभिमानच होता. कुणाला काय बोललो ते संध्याकाळपर्यंतही लक्षात राहत नाही. त्या माणसाच्या मात्र बारा वर्षं लक्षात राहिलं होतं. सिनेमात त्यानंतर तो हात खिशातच आहे. ईदच्या गर्दीत खिशात, दवाखान्यात खिशात, नातवाला दुसरं कुणी उचलून घेतं. शेवटी धाकटी त्याच्यासमोर मोबाइल धरते आणि म्हणते, अब्बा, मी पिच्चर काढतेय, मला हात पायजे. तो हळूच बाहेर काढतो. तिथे सिनेमा संपतो. ट्रंकेतली माझी पटकथा याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी डाळमिलवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. चांदपाशा फाटकाजवळच होता. पोत्यातली तूर उजव्या हाताच्या तीन बोटांत घेऊन उन्हात निरखत होता.

"चांदभाई," मी हाक मारली.

त्याने वर बघितलं. मला ओळखलं, हसला, आणि तुरीसकट हात खिशात घातला.

"बोला भाऊ, इकडं कसं काय आज?"

हात बाहेर काढा, एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ रेटेना. आत घालायला लावताना, लग्नात आणि हॉलमध्ये, दोन्ही वेळा ती कुठेच अडली नव्हती.